ओएसटिकिटची तिकिटं एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेताना

ओएसटिकिट हे ग्राहकांच्या तक्रारी हाताळायचं हेल्पडेस्क सॉफ्टवेअर, त्यात प्रत्येक तक्रार म्हणजे एक तिकीट. तिकिटांच्या यादीवर 'एक्स्पोर्ट' नावाचं बटण असतं. ते दाबलं की सीएसव्ही फाइल उतरते आणि नवख्या माणसाला वाटतं, झालं काम. त्या फाइलमध्ये तिकिटाचा नंबर, विषय, ग्राहकाचं नाव, तारीख, स्थिती असे रकाने असतात. ग्राहकाने काय लिहिलं, आपल्या माणसाने काय उत्तर दिलं, फोटो कोणता जोडला होता, यातलं त्यात काही नसतं. महिन्याच्या मीटिंगला ही फाइल चालते, स्थलांतराला चालत नाही. ग्राहकांची यादी सीएसव्हीतून परत भरता येते, तिकिटं मात्र तशी भरता येत नाहीत. तिकिटं न्यायची तर डेटाबेसच न्यावा लागतो.

उदाहरण म्हणून सातपूरची एक ठिबक संच आणि पंप विकणारी कंपनी धरू. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचे शेतकरी आणि डीलर तिच्याकडे मेलने तक्रारी पाठवतात. हेल्पडेस्क आहे ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर, ते भाड्याच्या सर्व्हरवर हलवायचंय. शिवाय अंबडच्या शाखेचं स्वतःचं वेगळं हेल्पडेस्क आहे, तेही पुढे यातच मिसळायचंय. पहिलं काम अर्ध्या दिवसाचं, दुसरं नीट करायचं तर आठवड्याचं. दोन्ही एकाच रात्री करू नका. आणि मुहूर्त काढायचाच तर पाऊस लागल्यानंतरचा काढा, तेव्हा ठिबकच्या तक्रारी ओसरलेल्या असतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाल्यावर हेल्पडेस्क बंद ठेवायचं म्हटलं, तर डीलर थेट ऑफिसात येऊन बसतील.

लेखात टेबलांची आणि पर्यायांची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. टेबलाच्या प्रत्येक नावाआधी तुमचा प्रीफिक्स लागतो, बहुतेक ठिकाणी तो 'ओएसटी' आणि अंडरस्कोअर असतो.

एका तिकिटाची फोड

निफाडच्या एका शेतकऱ्याचं तिकीट घेऊ. नंबर ४८२९१३, विषय 'फिल्टरला प्रेशर नाही', सोबत एक फोटो. हा सहा आकडी नंबर फक्त माणसांसाठी असतो. डेटाबेसला तिकीट ओळखू येतं ते आतल्या आयडीने, समजा तो ३७ आहे. 'टिकिट' टेबलात या ३७ ची एकच ओळ असते: कोणाचं, कोणत्या विभागाचं, कोणाकडे दिलं, कधी आलं. विषय त्या ओळीत नसतो. तो 'फॉर्म_एन्ट्री' मार्गे 'फॉर्म_एन्ट्री_व्हॅल्यूज' मध्ये जातो, आणि यादी पटकन दिसावी म्हणून त्याची एक प्रत 'टिकिट__सीडेटा' मध्ये ठेवली जाते. संभाषणासाठी 'थ्रेड' मध्ये एक ओळ तयार होते. तिच्यात ऑब्जेक्ट आयडी ३७ आणि ऑब्जेक्ट टाइप 'टी' असतो. त्या थ्रेडखाली 'थ्रेड_एन्ट्री' च्या ओळी लागतात: ग्राहकाचा संदेश 'एम', आपलं उत्तर 'आर', आतली नोंद 'एन'. फोटोची माहिती 'फाइल' मध्ये आणि प्रत्यक्ष फोटो 'फाइल_चंक' मध्ये, तोही तुकडे करून. कोणता फोटो कोणत्या संदेशाचा, हे 'अटॅचमेंट' सांगतं, तिथे टाइप 'एच' असतो. मेलचा मेसेज आयडी 'थ्रेड_एन्ट्री_ईमेल' मध्ये.

म्हणजे ३७ हा आकडा चुकला तर तिकीट यादीत दिसेल, पण उघडल्यावर कोरं असेल, किंवा त्यात दुसऱ्याचंच संभाषण दिसेल. 'मी फक्त टिकिट टेबल काढून नेतो' म्हणणारे इथेच अडकतात. (ही रचना १.१० आवृत्तीपासूनची आहे. त्याहून जुनं हेल्पडेस्क असेल तर संभाषण वेगळ्या टेबलात असतं, आणि आवृत्ती न बदलता सगळं जसंच्या तसं उचलणं हाच मार्ग.)

हात लावण्याआधी टिपून ठेवा

ॲडमिन पॅनेलमधल्या डॅशबोर्डखाली 'इन्फर्मेशन' पानावर ओएसटिकिट, पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि मायएसक्यूएल (त्याचा डेटाबेस) यांच्या आवृत्त्या दिसतात. त्या लिहून घ्या. नव्या सर्व्हरवर आधी नेमकी तीच ओएसटिकिट आवृत्ती उभी करायची. अपग्रेड नंतर, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर दोष नेण्यात की अपग्रेडमध्ये, हे शोधण्यातच रात्र जाते.

मग 'इन्क्लूड' फोल्डरमधली 'ओएसटी-कॉन्फिग' ही पीएचपी फाइल. तिच्यात डेटाबेसचं नाव, पासवर्ड, प्रीफिक्स आणि 'सीक्रेट सॉल्ट' असतो. हा सॉल्ट या सगळ्या कामातली सर्वात महत्त्वाची एक ओळ. मेलबॉक्सचे पासवर्ड आणि एलडॅपसारख्या (कंपनीच्या सामायिक लॉगिनशी जोडणाऱ्या) प्लगइनचे पासवर्ड याच सॉल्टने कुलूपबंद करून डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात. नव्या सर्व्हरवर इन्स्टॉलर चालवला की तो नवा सॉल्ट बनवतो, वर जुना डेटाबेस ओतला की कुलूप जुनं आणि किल्ली नवी. लॉगिन व्यवस्थित होतं, कारण माणसांचे पासवर्ड सॉल्टवर अवलंबून नाहीत. तिकिटंही दिसतात. फक्त मेल येणं-जाणं बंद पडतं, आणि ते लक्षात यायला दोन दिवस लागतात. म्हणून इन्स्टॉलर चालवायचाच नाही. जुना सगळा फोल्डर उचलून नेऊन कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा होस्ट, नाव, युझर आणि पासवर्ड एवढंच बदलायचं.

फायली कुठे साठतात तेही पाहा. 'फाइल' टेबलातला 'बीके' रकाना बघायचा: 'डी' म्हणजे डेटाबेसमध्येच, 'एफ' म्हणजे प्लगइनने डिस्कवर. एकाच टेबलात दोन्ही सापडू शकतात, कारण प्लगइन मधेच कधीतरी बसवलेला असतो. 'एफ' असेल तर तो फोल्डर वेगळा न्यावा लागेल आणि त्याचा पत्ता तोच ठेवावा लागेल. हा व्याप नको असेल तर 'मॅनेज' या पीएचपी फाइलच्या 'फाइल मायग्रेट' आज्ञेने सगळं आधी डेटाबेसमध्ये ओढून घेता येतं. डंप (आख्ख्या डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) फुगेल, पण काही मागे राहणार नाही.

शेवटचं टिपण म्हणजे मायएसक्यूएलचं घड्याळ. जुनं मशीन भारतीय वेळेवर आणि भाड्याचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर सकाळी १० ला आलेलं जुनं तिकीट नव्या जागी दुपारी ३:३० ला आलेलं दिसेल. डेटाबेस सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये टाइम झोन +०५:३० ठेवला की हा साडेपाच तासांचा घोळ होत नाही.

जुनं थांबवणं आणि डंप काढणं

ॲडमिन पॅनेलच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' खाली हेल्पडेस्क 'ऑफलाइन' करा. तेवढ्याने ग्राहकाचं पान बंद होतं, मेल ओढणं थांबेलच याच्या भरवशावर राहू नका. 'ईमेल फेचिंग' बंद करा आणि सर्व्हरवर क्रॉन (ठरावीक वेळाने काम आपोआप चालवणारी सोय) लावलेला असेल तर तोही काढा. तोवर येणारे मेल मेलबॉक्समध्ये पडून राहतील, हरवणार नाहीत.

डंपसाठी मायएसक्यूएलडंप पुरेसं आहे. पर्याय मात्र विचार करून द्यायचे. 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' दिला की इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. जुन्या हेल्पडेस्कमध्ये काही टेबलं मायआयसॅम प्रकारची असतात, त्यांना हा पर्याय लागू होत नाही, म्हणून आधी सगळं थांबवायचं. 'हेक्स-ब्लॉब' दिला की फोटोचे बाइट आकड्या-अक्षरांच्या रूपात लिहिले जातात. फाइल मोठी होते, पण मधे कुठला एडिटर लागला तरी फोटो खराब होत नाहीत. 'डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट' साठी यूटीएफ८एमबी४ द्या. 'प्रोसेस' अधिकार नसल्याची तक्रार आली तर 'नो-टेबलस्पेसेस' जोडा. मायएसक्यूएल ५.७.३१ आणि ८.०.२१ पासून साध्या युझरला हा अडथळा येतो.

'सेशन' आणि 'सिसलॉग' नकोत म्हणून 'इग्नोर-टेबल' लावायचा मोह होईल. लावू नका. त्याने नुसत्या ओळी जात नाहीत, आख्खं टेबलच डंपमध्ये येत नाही, आणि सेशनच्या टेबलाशिवाय नव्या जागी लॉगिन होत नाही. सगळं न्या आणि तिकडे गेल्यावर सेशनचं टेबल रिकामं करा.

डंप झाला की फाइलची शेवटची ओळ बघा. 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असेल तर फाइल पूर्ण आहे. ती ओळ नसेल तर डिस्क भरली, वीज गेली किंवा ब्राउझरमधून काढत असाल तर पीएचपीची वेळ संपली. पीएचपीमायॲडमिनमधून काढलेल्या डंपला ही खूण लागू नाही, आणि मोठा डेटाबेस तिथून काढूही नये. पूर्ण फाइल जीझिप करा, शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी पोचली का ते पडताळायची खूण) काढून ठेवा, पोचल्यावर पुन्हा काढून जुळवा. फोटो आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, तेव्हा जीझिपने हेक्सची फुगवट तेवढी उतरते, त्याहून फार काही नाही.

नेताना एससीपी किंवा आरसिंक, म्हणजे सर्व्हरहून सर्व्हरवर फाइल नेणाऱ्या आज्ञा, वापरा. या फाइलमध्ये हजारो शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर, गावं आणि बिलांचे फोटो आहेत. ती 'जरा व्हॉट्सॲपवर टाक' म्हणून पाठवायची चीज नाही, पेन ड्राइव्हवर न्यायची झालीच तर एन्क्रिप्ट करून.

नव्या जागी भरणं

रिकामा डेटाबेस तयार करा आणि भरण्याची आज्ञा टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत चालवा. ऑफिसातली लाइट गेली, राउटर बंद पडला, की एसएसएच (सर्व्हरशी असलेली टर्मिनलची जोडणी) तुटतं आणि आयात अर्ध्यावर मरते. टीमक्समध्ये ती सर्व्हरवर चालू राहते.

इथे तीन त्रुटी पुन्हा पुन्हा भेटतात. 'सर्व्हर हॅज गॉन अवे' म्हणजे सर्व्हर पळाला नाही, एखादी ओळ 'मॅक्स अलाउड पॅकेट' पेक्षा मोठी निघाली. मायएसक्यूएल ५.७ मध्ये ही मर्यादा मुळात ४ एमबी, मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या भावंडात १६, मायएसक्यूएल ८ मध्ये ६४. ती ६४ किंवा १२८ करून पुन्हा चालवा. दुसरी, 'अननोन कोलेशन', म्हणजे अक्षरांच्या तुलनेचा नियम ओळखीचा नाही, नावात ०९०० हा आकडा. मायएसक्यूएल ८ चा डंप मारियाडीबीत भरताना ही येते, अनेक मारियाडीबी आवृत्त्यांना ते नाव माहीत नाही. डंपमध्ये त्या जागी यूटीएफ८एमबी४ चं 'युनिकोड_सीआय' घालायचं. तिसरी पहिल्याच ओळीवर अडते आणि उलटी तिरकी रेघ ओळखता येत नाही म्हणते. २०२४ च्या मे महिन्यापासूनच्या मारियाडीबीचा डंप वर 'सँडबॉक्स मोड' ची एक ओळ घालतो, जुन्या किंवा मायएसक्यूएलच्या क्लायंटला ती कळत नाही. तेवढी पहिली ओळ काढून टाका.

आता थांबा. ब्राउझर उघडू नका. तुमच्या हातात जिवंत हेल्पडेस्कची हुबेहूब प्रत आहे, खऱ्या मेलबॉक्सच्या खऱ्या पासवर्डसह. स्टाफचं पान उघडताच ऑटो-क्रॉन चालू शकतो. मग ही प्रत मेल ओढायला लागते, मुदत उलटलेल्या उघड्या तिकिटांच्या सूचना स्टाफला जाऊ शकतात, आणि जुनं मशीन कोणी चुकून चालू ठेवलं असेल तर अर्धे मेल इकडे, अर्धे तिकडे. हा घोळ निस्तरणं म्हणजे एकेक मेल हाताने शोधणं. म्हणून 'कॉन्फिग' टेबलात 'एनेबल_मेल_पोलिंग' आणि 'एनेबल_ऑटो_क्रॉन' या दोन किल्ल्यांची किंमत शून्य करा. त्याहून खात्रीचं म्हणजे फायरवॉलवर बाहेर जाणारे २५, ४६५, ५८७ आणि मेल ओढणारे १४३, ९९३, ११०, ९९५ हे पोर्ट तपासणी होईपर्यंत अडवून ठेवायचे. आम्ही दोन्ही करायला सांगू. त्यानंतर 'हेल्पडेस्क_यूआरएल' मध्ये नवा पत्ता घाला, नाहीतर ग्राहकाला जाणाऱ्या मेलमधली लिंक जुन्या मशीनकडेच बोट दाखवत राहील.

पान उघडल्यावर थेट अपग्रेडचं आमंत्रण आलं तर कोड आणि डेटाबेस वेगवेगळ्या आवृत्तीचे आहेत. 'अपग्रेड' दाबून वेळ मारून नेऊ नका, योग्य कोड आणा.

मराठी शाबूत आहे का

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण टर्मिनलसुद्धा स्वतःच्या मर्जीने अक्षरं दाखवतो. जुन्या मशीनवर, डंप काढण्याआधी, 'नाशिक' एवढाच विषय असलेलं एक चाचणी तिकीट बनवून ठेवा. नव्या जागी 'टिकिट__सीडेटा' मधल्या त्या विषयाची लांबी दोन प्रकारे विचारा: 'चार_लेंग्थ' आणि 'लेंग्थ'. न, काना, श, पहिली वेलांटी, क अशी पाच चिन्हं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. म्हणून उत्तर ५ आणि १५ यायला हवं.

१५ आणि ३१ आलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, पानावर मात्रा चढवलेले रोमन 'ए' दिसतील. याचं नेहमीचं कारण म्हणजे मोठ्या डंपचे कोणीतरी तुकडे केले. कॅरेक्टर सेट सांगणारी 'सेट नेम्स' ही ओळ फाइलच्या डोक्यावर असते, ती पहिल्या तुकड्यातच राहिली आणि पुढचे तुकडे लॅटिन-१ (देवनागरी न मावणारा जुना कॅरेक्टर सेट) समजून भरले गेले. ५ आणि ५ आलं तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसली आहेत. डंप लॅटिन-१ मध्ये काढला किंवा टेबलच लॅटिन-१ मध्ये बनलं की असं होतं. पहिला प्रकार दुरुस्त होतो, दुसरा नाही, मूळ अक्षरं तिथे उरलेलीच नसतात. दोन्ही वेळी शहाणपण एकच: डेटाबेस पुसा आणि डंपपासून पुन्हा सुरुवात करा.

मग मोजणी. 'टिकिट', 'थ्रेड', 'थ्रेड_एन्ट्री', 'युझर', 'फाइल' यांच्या ओळी दोन्हीकडे मोजून जुळवा. फायलींसाठी, 'बीके' मध्ये 'डी' असलेल्यांच्या 'साइझ' ची बेरीज आणि 'फाइल_चंक' मधल्या प्रत्यक्ष डेटाच्या लांबीची बेरीज जुन्या मशीनवर काढून ठेवा, नव्यावर तेच दोन आकडे यायला हवेत. शेवटी दहा तिकिटं उघडून पाहा, त्यात सर्वात जुनं एक, भरपूर फोटोंचं एक आणि अर्थात ४८२९१३.

सगळं जुळलं की 'सेटअप' फोल्डर काढा, कॉन्फिग फाइल फक्त वाचण्यापुरती करा, पोर्ट मोकळे करा आणि मेल ओढणं चालू करा. जुन्या मशीनवर ते कायमचं बंद राहिलं पाहिजे.

अंबडची तिकिटं सातपूरमध्ये मिसळणं

दोन्ही हेल्पडेस्कमध्ये आयडी ३७ आहे. दोन्हीकडे 'सर्व्हिस' विभाग आहे, एकीकडे त्याचा आयडी २, दुसरीकडे ५. डंपवर डंप ओतला तर सातपूरची टेबलं पुसली जाऊन अंबडची उरतील, कारण डंपमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल' लिहिलेलं असतं. ही चूक एका सेकंदात होते. सातपूरचा ताजा डंप बाजूला असल्याशिवाय सुरूच करू नका.

अंबडचा डंप त्याच सर्व्हरवर वेगळ्या डेटाबेसमध्ये भरा, आधी दोघांची आवृत्ती एक करून. मग या प्रतीतले तिकीट, थ्रेड, एन्ट्री, युझर, फाइल, फॉर्म एन्ट्री यांचे सगळे आयडी एका मोठ्या आकड्याने सरकवा, समजा १,००,०००. हा आकडा दोन्हीकडच्या सर्वात मोठ्या आयडीपेक्षा मोठाच हवा, लहान घेतला तर सरकवतानाच टेबल स्वतःशी धडकतं. आयडी जिथे जिथे उल्लेखलाय तिथेही तेवढीच भर घाला. पण शून्याला नाही! 'थ्रेड_एन्ट्री' मध्ये 'पीआयडी' शून्य म्हणजे वरचा संदेश नाही, 'युझर_आयडी' शून्य म्हणजे लिहिणारा ग्राहक नाही. शून्याचा लाख झाला की असे संदेश अस्तित्वात नसलेल्या कोणाला तरी बांधले जातात. मजकुरात घातलेली चित्रं आयडीने नाही, फाइलच्या 'की' ने शोधली जातात, तेवढं एक सुख.

विभाग, स्टाफ, तक्रारींचे विषय (हेल्प टॉपिक), एसएलए (उत्तराच्या मुदतीचे नियम), स्थिती हे सरकवायचे नाहीत, जोडायचे. सातपूरमध्ये अंबडची माणसं हाताने नोंदवा आणि जुना आयडी, नवा आयडी अशा दोन रकान्यांची छोटी टेबलं बनवा. फॉर्मच्या फील्डचंही तसंच. अंबडने 'संचाचा प्रकार' अशी यादीची फील्ड बनवली असेल तर तिची किंमत जेसनमध्ये, यादीतल्या आयडीसह साठलेली असते, तीही बदलावी लागते. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक वेळ इथेच जातो.

ग्राहक दोन्हीकडे असू शकतो. 'युझर_ईमेल' मध्ये पत्ता एकमेव असावा लागतो, म्हणून पिंपळगावचा एकच डीलर दोन्हीकडे असला की 'डुप्लिकेट एन्ट्री' येईल. असे पत्ते आधी शोधा आणि अंबडची तिकिटं सातपूरच्या युझर आयडीकडे वळवा. तिकीट नंबरही तपासा. ते मुळात सहा आकडी आणि यादृच्छिक असतात, डेटाबेस दुबार नंबर अडवत नाही, म्हणजे टक्कर मुकाट्याने होते. अंबडच्या सगळ्याच नंबरांपुढे एखादं अक्षर लावलं की प्रश्न मिटतो.

भरताना 'इन्सर्ट... सिलेक्ट' मध्ये रकान्यांची नावं स्पष्ट लिहा. जुन्या ओळींत शून्य तारखा असतील तर कडक एसक्यूएल मोड त्या नाकारतो. डंप भरताना हे जाणवत नाही, कारण डंप स्वतःच तो मोड सैल करतो. इथे ते तुम्हाला करावं लागेल, त्या सेशनपुरतं. 'टिकिट__सीडेटा' नेऊ नका, टाकून द्या, ओएसटिकिट ते नव्याने बांधतं. शेवटी 'टी' टाइपचे असे थ्रेड शोधा ज्यांच्या ऑब्जेक्ट आयडीचं तिकीटच नाही, आणि अशा एन्ट्री ज्यांचा थ्रेड नाही. उत्तर शून्य ओळी आलं पाहिजे.

एक गोष्ट ऑफिसला आधीच सांगून ठेवा. ओएसटिकिटच्या मेलवरची ओळख सॉल्टने सही केलेली असते आणि अंबडचा सॉल्ट आता वापरात नाही. त्यामुळे अंबडच्या जुन्या मेलला आलेली काही उत्तरं नवं तिकीट म्हणून उगवतील. ती जुन्या तिकिटात हाताने जोडावी लागतील, १.१४ पासून 'मर्ज' ची सोय आहे. अंबडचा मेल पत्ता मात्र बंद करू नका. तो सातपूरच्या हेल्पडेस्कमध्ये दुसरा मेलबॉक्स म्हणून नोंदवा आणि त्याचा पासवर्ड नव्याने टाइप करा.